शेतकरी ग्राहक की व्यापारी?



जिल्ह्याच्या बैठकीत कांद्याचा भाव, वीजबिल आणि कर्जवसुली हे विषय ठरलेले असतात. ते राहणारच आहेत. या अंकात मात्र वेगळा विषय घेतो. नवाकोरा ट्रॅक्टर दारात आला, वॉरंटीची मुदत चालू आहे आणि ऐन पेरणीत ट्रॅक्टर रानात उभा राहिला, तर शेतकऱ्याला कायदा काय देतो? कायदा बरेच काही देतो. पण ते पदरात पडण्याआधी शेतकऱ्याला एक परीक्षा द्यावी लागते. घरच्या वापरासाठी मोटार घेणाऱ्या नोकरदाराला ती द्यावी लागत नाही. ही परीक्षा काय आहे, ती पास कशी व्हायची आणि ती रद्दच का झाली पाहिजे, हे सांगण्यासाठी हा लेख.

वॉरंटी तासांची, पेरणी वाफशाची

जामखेड, कर्जत, पलीकडे आष्टी, पाटोदा हा सगळा टापू कोरडवाहू. उडीद, तूर, सोयाबीन मृगाच्या पावसावर आणि ज्वारी परतीच्या पावसावर. वाफसा येतो तो चार-सहा दिवसांचा. तेवढ्यात पेरणी उरकली तर ठीक, नाहीतर ओल उडून जाते आणि त्या वर्षीचा हिशेब तिथेच मिटतो. बैलजोडी आता वस्तीवर एखाद्याच घरी दिसते. नांगरट, पाळी, पेरणी, मळणी सगळे ट्रॅक्टरवर आले. जमिनीखालोखाल शेतकऱ्याच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी खरेदी. ती बहुतेक वेळा कर्जाने झालेली असते आणि हप्ता ट्रॅक्टर चालू आहे की बंद आहे हे विचारत नाही.

काष्टीच्या बाजारात बैल घेणारा दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. ट्रॅक्टरचे दात बघता येत नाहीत. त्याच्या पोटात काय आहे हे फक्त बनवणाऱ्याला ठाऊक. म्हणून वॉरंटी असते. वॉरंटी म्हणजे डीलरने केलेली मेहरबानी नव्हे, तो कारखानदाराचा लेखी शब्द आहे आणि त्याची किंमत आपण ट्रॅक्टरच्या किमतीतच मोजलेली आहे.

पण हा शब्द लिहिला कोणी? कंपनीने. इतकी वर्षे किंवा इतके तास, जे आधी संपेल ते. सदोष निघालेला भाग बदलून देऊ. आणि पुढे बारीक अक्षरात, अप्रत्यक्ष नुकसानीला कंपनी जबाबदार नाही. हुकलेली पेरणी, दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने आणल्याचा खर्च, भरलेला हप्ता हे सगळे या 'अप्रत्यक्ष' शब्दात गडप होते. शेतकऱ्याला जे नुकसान सर्वांत जास्त बोचते, तेच या पुस्तिकेने आधी बाहेर काढलेले आहे.

मग गाडे कसे चालते ते सर्वांना माहीत आहे. हायड्रॉलिक भार उचलत नाही म्हणून तक्रार केली की पहिल्या वेळी "सेटिंग आहे, बसेल हळूहळू." दुसऱ्या वेळी एखादा सुटा भाग बदलतात. तिसऱ्या वेळी "कंपनीचा इंजिनिअर येणार आहे," आणि तो येईपर्यंत हंगाम संपतो. चौथ्या वेळी "दादा, तुम्ही झेपेना एवढा रोटाव्हेटर लावला." प्रत्येक खेपेला जॉब कार्डावर लिहिलेले असते, 'सर्व्हिस केली.' तक्रार काय होती याचा त्यात पत्ता नसतो. दोन वर्षांनी हेच कार्ड पुरावा म्हणून समोर येते, तेव्हा त्यात दोष कुठेच दिसत नाही.

आपलेच वाक्य आपल्यावर

आता त्या परीक्षेकडे येऊ. ग्राहक संरक्षण कायदा पहिल्यांदा १९८६ साली झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. दोन्ही कायद्यांत एक गोष्ट समान आहे. व्यापारी उद्देशाने वस्तू घेणारा 'ग्राहक' नाही. म्हणजे ट्रॅक्टरची तक्रार घेऊन शेतकरी आयोगापुढे उभा राहिला की कंपनीचा वकील ट्रॅक्टरच्या दोषावर बोलायच्या आधी शेतकऱ्याच्या दाखल्यावर बोलतो. हा माणूस ग्राहकच नाही, हा ट्रॅक्टरवर पैसा कमावतो, शेजाऱ्याची रानेही भाड्याने नांगरून देतो, याचा अर्ज फेटाळा.

आपण सभांतून सांगत आलो की शेती हा धंदा आहे. तिला धंद्याचा हिशेब लावा, खर्च भरून निघेल असा भाव मिळू द्या. ते खरेच आहे आणि त्यातला एक शब्दही मागे घ्यायचा नाही. पण भाव मागताना जो शेतकरी सरकारला व्यावसायिक म्हणून दिसत नाही, तोच ट्रॅक्टरची तक्रार घेऊन गेला की कंपनीला मोठा व्यापारी दिसू लागतो. भाव देताना गरीब बिचारा अन्नदाता, दाद मागताना उद्योगपती. हा दुटप्पीपणा उघडा पाडला पाहिजे.

कायद्याने यावर तोडगा दिलेला आहे. १९९३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन एक खुलासा आला. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू 'व्यापारी उद्देशा'त मोडत नाही. २०१९ च्या कायद्यात कलम २ च्या पोटकलम ७ खाली हाच खुलासा आहे. त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात लावला. वाद एका यंत्राचा होता आणि महाराष्ट्र राज्य आयोगातून वर गेला होता. त्या निकालात यंत्र घेणारा कारखानदार हरला, पण न्यायालयाने दिलेली उदाहरणे आपल्या कामाची आहेत. स्वतः चालवण्यासाठी रिक्षा किंवा टॅक्सी घेणारा ग्राहकच ठरतो, हाताखाली एखाद-दुसरा मदतनीस असला तरी. अनेक गाड्या घेऊन त्या दुसऱ्यांकडून चालवणारा ठरत नाही.

पुढे २००९ मध्ये उत्तर प्रदेशातील सुलतानपूरच्या एका ट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की, उपजीविकेसाठी घेतलेल्या ट्रकवर ड्रायव्हर ठेवला म्हणून मालकाचे ग्राहकपण जात नाही. मुलगा ट्रॅक्टर चालवतो किंवा हंगामात ड्रायव्हर ठेवला, या कारणावरून तक्रार उडवू पाहणाऱ्याला हा निकाल दाखवा.

शेतकऱ्याच्या बाजूचा सर्वांत मोठा निकाल बियाण्याचा आहे. २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की, ज्या शेतकऱ्यांनी आमच्याशी करार करून बीजोत्पादन घेतले त्यांचा उद्देश व्यापारी होता. न्यायालयाने ते मानले नाही. आपल्या कष्टावर आणि कौशल्यावर पोट भरणारा शेतकरी ग्राहक आहे, असाच त्या निकालाचा अर्थ. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहक असेल, तर तेच बियाणे पेरायला ट्रॅक्टर घेणारा शेतकरी व्यापारी कसा?

तरीही प्रत्येक शेतकऱ्याला प्रत्येक वेळी हे नव्याने सिद्ध करावे लागते. तक्रारीच्या पहिल्या परिच्छेदात 'हा ट्रॅक्टर मी केवळ स्वयंरोजगारातून माझ्या कुटुंबाच्या उपजीविकेसाठी घेतला व वापरला' हे वाक्य नसेल आणि सोबत सातबारा, आठ-अ उतारा जोडलेला नसेल, तर कंपनीच्या वकिलाला आयते कोलीत मिळते. खरा दोष यंत्रात आणि पहिली तपासणी शेतकऱ्याची, हा न्याय उफराटा आहे.

दोष सिद्ध कोणी करायचा?

दुसरी अडचण पुराव्याची. कायद्यात 'दोष' शब्दाची व्याख्या मोठी आहे. कायद्याने किंवा कराराने जो दर्जा असायला हवा त्यातली उणीव तर दोष आहेच, पण विक्रेत्याने कोणत्याही रीतीने जो दावा केला त्यात कमी पडणे हासुद्धा दोष आहे. म्हणून शोरूममधले रंगीत माहितीपत्रक चुलीत घालू नका. ट्रॅक्टर किती वजन उचलतो, ताशी किती डिझेल खातो, हे त्यात छापलेले असेल तर तो दावा आहे.

पण कारखान्यातून आलेला मूळ दोष दाखवायला बहुतेक वेळा तज्ज्ञाचा अहवाल लागतो. तो नाही म्हणून तक्रारी फेटाळल्या जातात. येथेही बियाण्याचा दाखला आहे. १९९८ मध्ये जालन्याच्या महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनीच्या सूर्यफूल बियाण्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. शेतकऱ्याने तपासणीसाठी बियाणे मागे ठेवले नाही, ही कंपनीची सबब टिकली नाही. सगळे बियाणे पेरणे हाच शेतकऱ्याचा स्वभाव, नमुना तर कंपनीकडेही होता. ट्रॅक्टरलाही हेच लागू व्हायला हवे. वर्कशॉपने काढलेला जुना भाग डीलर ठेवून घेतो, दुरुस्तीची नोंद डीलरकडे, यंत्राचा नकाशा कंपनीकडे, आणि दोष सिद्ध करायचा शेतकऱ्याने!

कायद्याच्या कलम ३८ मध्ये आयोगाने वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवून ४५ दिवसांत अहवाल मागवण्याची तरतूद आहे. मागणी मात्र आपण लेखी अर्जाने करावी लागते. आपल्या जिल्ह्यात राहुरीला कृषी विद्यापीठाचे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मध्य प्रदेशात बुधनीला ट्रॅक्टरची चाचणी घेणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तज्ज्ञ आहेत, पण शेतकऱ्यापर्यंत ते पोहोचत नाहीत.

तिसरी गोष्ट, अपेक्षा किती ठेवायची. 'नवा ट्रॅक्टर मिळालाच पाहिजे' ही आपली पहिली मागणी असते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगच्या प्रकरणात सांगितले की, वॉरंटीत भाग बदलून देण्याचाच शब्द असेल तर त्या आधारावर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. भाग बदलून आणि त्रासाची भरपाई मिळते. पण २०१० मध्ये फियाट गाडीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करायला लावली आणि मूळ दोष निघाल्यास किंमत परत देण्याचा मार्ग मोकळा ठेवला. म्हणजे सारे तज्ज्ञाच्या अहवालावर येऊन ठेपते. तक्रारीत म्हणून तीन मागण्या पायरीने लिहाव्यात. दोष दूर करा, तो होत नसेल तर ट्रॅक्टर बदला किंवा किंमत परत द्या, आणि दोन्ही बाबतींत नुकसानभरपाई द्या. हे तिन्ही हुकूम देण्याचा अधिकार कलम ३९ खाली आयोगाला आहे.

डीलर आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करा. मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या प्रकरणात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष गाडीबद्दल विक्रेता आणि कारखानदार दोघांनाही जबाबदार धरले. पण डीलरच्या प्रत्येक लबाडीला कंपनी बांधील नसते. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ मध्ये नवी म्हणून दिलेली टाटा गाडी २००९ ची आणि आधी वापरलेली निघाली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला मोकळे केले, कारण डीलरच्या त्या कृत्याची माहिती कंपनीला होती हे सिद्ध झाले नव्हते. धडा साधा आहे. ट्रॅक्टर ताब्यात घेताना हार घालण्याआधी चॅसी नंबर, बनावटीचे वर्ष आणि तासांचा काटा तपासा आणि त्याचा फोटो काढून ठेवा.

अपघाताची गोष्ट वेगळी. ब्रेक किंवा स्टिअरिंगच्या दोषामुळे माणूस जखमी झाला, मेला, किंवा दुसऱ्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर २०१९ च्या कायद्यात 'उत्पादन दायित्व' हे स्वतंत्र प्रकरण आहे. मात्र खुद्द ट्रॅक्टरच्या बिघाडाची भरपाई त्या प्रकरणाखाली मिळत नाही, ती 'दोषा'च्या तक्रारीखाली मागायची. दोन्हींची गल्लत करू नका.

हेलपाट्याचा प्रश्न

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ग्राहक आयोगाची पायरी त्या मानाने सोपी आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. एका फवारणीच्या औषधालाही याहून जास्त लागतात. ५० लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते. वकील लावलाच पाहिजे असे नाही. पुस्तिकेत 'वाद अमुक शहरातील न्यायालयातच' असे छापलेले असले तरी घाबरू नका. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मुदत मात्र पाळा, तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षे.

आणि तरीही घोडं मेलं ओझ्यानं अन् शिंगरू मेलं हेलपाट्यानं, ही गत होते. क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा आपला, आणि जामखेड त्याच्या एका टोकाला. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, एका तारखेला जायचे तर दिवस मोडतो. कायदा म्हणतो, ३ महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर ५ महिन्यांत. प्रत्यक्षात वर्षे जातात, आणि वर अपील आहेच. कंपनीला तारखेचा पगारी माणूस मिळतो. शेतकऱ्याची त्या दिवशीची पाण्याची पाळी हुकते.

म्हणून काही जण म्हणतात, कायदा शहरवाल्यांचा, आपण शोरूमपुढे गाढव बांधू. आंदोलनाला माझा विरोध नाही. पण शोरूमपुढच्या गर्दीने त्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर दुरुस्त होईल, पुढच्या शेतकऱ्याला पुन्हा गर्दी जमवावी लागेल. आयोगाचा एक निकाल मात्र पुढच्या शंभर जणांना उपयोगी पडतो. आणि आपली बाजूही स्वच्छ हवी. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या क्षमतेबाहेर भरून इंजिनचा जीव घ्यायचा, मोफत सर्व्हिस चुकवायची, आणि मग दोष कंपनीवर ढकलायचा, असे करणाऱ्याच्या मागे संघटनेने उभे राहू नये. एक खोटी तक्रार दहा खऱ्या तक्रारींचा विश्वास घालवते.

अमेरिकेत वारंवार बिघडणाऱ्या नव्या मोटारींसाठी 'लेमन लॉ' नावाचे कायदे आहेत. कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये सुरुवात केली. ठरावीक वेळा दुरुस्ती करूनही दोष गेला नाही किंवा गाडी ठरावीक दिवस बंद राहिली, की ती बदला किंवा पैसे परत द्या, असा हा सरळ हिशेब. कोलोरॅडो राज्याने तर २०२३ मध्ये खास शेती यंत्रांसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. यंत्राची माहितीपुस्तके, हत्यारे आणि सॉफ्टवेअर कंपनीने शेतकऱ्याला उपलब्ध करून द्यायचे. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि तिच्या यादीत शेती अवजारे घातली. यादीच्या पुढचे पाऊल मागणे आपले काम आहे.

बैठकीपुढे ठराव

जिल्हा बैठकीने चार मागण्यांचा ठराव करावा.

एक, कायद्याच्या खुलाशात एक वाक्य वाढवा: स्वतः शेती कसणाऱ्याने घेतलेले शेती यंत्र व्यापारी उद्देशाचे मानले जाणार नाही, त्याने फावल्या वेळात ते भाड्याने चालवले तरीही. वेगळे सिद्ध करायचे असेल तर ते कंपनीने करावे.

दोन, वॉरंटी हंगामाला बांधा. पेरणी-मळणीच्या दिवसांत ठरावीक दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पर्यायी ट्रॅक्टर द्या किंवा भाड्याचा खर्च भरा. पुस्तिका मराठीत द्या. शेतकऱ्याची तक्रार त्याच्या शब्दांत जॉब कार्डावर लिहून, बदललेला भाग दाखवून, प्रत हातात द्या.

तीन, राहुरीला माफक ठरावीक फीत ट्रॅक्टर आणि अवजारांची तपासणी करून आयोगाला अहवाल देणारे मंडळ नेमा.

चार, एका जिल्ह्यात एकापेक्षा जास्त आयोग नेमण्याचा अधिकार कायद्याने राज्य सरकारला दिलेला आहे. जिल्ह्याच्या दक्षिण भागासाठी दुसरा आयोग द्या. तोवर कायद्यात असलेली दूरचित्र सुनावणीची सोय तालुक्याच्या ठिकाणी खरोखर चालू करा.

सरकार करील तेव्हा करील. संघटनेने स्वतःचे काम उद्यापासून सुरू करावे. नोंदणीकृत ग्राहक संस्थेला सभासदाच्या वतीने तक्रार करता येते, आणि एकच दोष असलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने मिळून एक तक्रार करता येते. प्रत्येक तालुक्यात अशी संस्था नोंदवा आणि एक वही घाला. ट्रॅक्टरचे मॉडेल, खरेदीची तारीख, दोष, वर्कशॉपला नेल्याच्या तारखा. एकाचा दोष म्हणजे 'चालवणाऱ्याची चूक' असे डीलर म्हणू शकतो. एकाच मॉडेलचा तोच दोष वहीत दहा ठिकाणी दिसला, की तसे म्हणणे अवघड होते.

आणि ज्यांचा ट्रॅक्टर आज बंद उभा आहे त्यांच्यासाठी शेवटचे. तोंडी बोलू नका. आज तक्रार लिहा, डीलर आणि कंपनी दोघांना स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून नोंदणी क्रमांक घ्या. परस्पर हप्ता थांबवू नका; कर्जाचा करार वेगळा आहे आणि ट्रॅक्टर ओढून नेला तर पुरावाही त्याच्याबरोबर जाईल. हंगामात दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने आणला तर पावती घ्या. हे कागद घेऊन बैठकीला या. तालुक्याची वही त्याच दिवशी सुरू करू.